वैरणीचे बी कोण पिकवणार?

दुष्काळ जाहीर झाला की सरकारी यंत्रणेतून तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात: टँकर, छावण्या आणि शंभर टक्के अनुदानावर चारा बियाणे. टँकरच्या खेपा मोजल्या जातात, छावण्यांतल्या जनावरांची शिरगणती होते, बोगस नोंदींवरून चौकश्या लागतात. तिसऱ्या गोष्टीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. किती किलो बी वाटले याचा आकडा आढावा बैठकीत वाचला जातो आणि विषय पुढे सरकतो. ते बी कुठून आले, कोणत्या वाणाचे होते, किती उगवले आणि मुळात तेवढे बी राज्यात शिल्लक होते का, हे त्या बैठकीत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. वैरणीची टंचाई काही वर्षांच्या अंतराने येते आणि पाऊस पडला की विसरली जाते. वैरणीच्या बियाण्याची टंचाई मात्र बारमाही आहे, आणि ती कोणाच्या खिजगणतीत नाही.

२०१८च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. धरणांचे पाणी मागे सरकल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने वैरणीसाठी द्यायचे ठरले. पाणी फुकट, बीही फुकट. निर्णय चांगलाच होता. उजनी धरणाच्या काठचा गाळ ज्याने पाहिला आहे, त्याला त्या जमिनीची ताकद सांगायला नको. पण जमीन एका शासन निर्णयाने मोकळी होते, बी तसे होत नाही. विद्यापीठाकडचे पैदासकार बियाणे पेरून पायाभूत बियाणे तयार होते, पायाभूत पेरून प्रमाणित होते आणि ते प्रमाणित बी शेतकऱ्याच्या हातात पडते. ही साखळी पुरी व्हायला हंगामांमागून हंगाम जातात. म्हणजे नोव्हेंबरात ज्या पिशव्या वाटायच्या, त्यांची पेर कोणीतरी दीड-दोन वर्षे आधी केलेली असावी लागते. तेव्हा तर दुष्काळाची चाहूलही नसते. मग पेरतो कोण? बहुतेक वेळा कोणीच नाही. अखेर जो व्यापारी देईल त्याच्याकडून जे मिळेल ते घेतले जाते.

झाशीची भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच कामात आहे. तिच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे देशात पेरल्या जाणाऱ्या चारा पिकांच्या गरजेपैकी जेमतेम २५ ते ३० टक्के दर्जेदार बी उपलब्ध होते. कुरणातल्या गवतांच्या आणि शेंगवर्गीय चाऱ्याच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली जाते. उरलेल्या क्षेत्रात काय पेरले जाते, ते गावोगावच्या शेतकऱ्याला विचारा. मोंढ्यावरून आणलेला दाण्याचा मका, कोंबडीखाद्याच्या पोत्यातला मका, कोणत्या तरी संकरित ज्वारीचे पुढच्या पिढीतले बी. उगवते, नाही असे नाही. पण कमरेएवढे वाढते आणि निसवते. आठ-दहा फूट वाढणाऱ्या आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याच्या जागी दाण्याचा बुटका मका पेरला, तर तेवढ्याच पाण्यात आणि तेवढ्याच खतात निम्मी वैरणही हाती येत नाही. हा तोटा कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

चाऱ्याच्या तुटीचे आकडे तर आणखी मौजेचे आहेत. याच संस्थेच्या दस्तऐवजांत काही वर्षांपूर्वी देशातली हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के आणि कोरड्या वैरणीची १०.९५ टक्के होती. नंतर २०१९च्या आढाव्यात हिरव्याची तूट ११.२४ टक्क्यांवर आली आणि कोरड्याची २३.४ टक्क्यांवर चढली. मोजण्याची रीत बदलली की तूट कमीजास्त होते. गव्हाण आहे तेवढीच रिकामी राहते. पण दुसऱ्या आकड्यात एक खूण आहे आणि ती महाराष्ट्राने तरी नजरेआड करू नये. कोरडी वैरण म्हणजे आपल्याकडे मुख्यतः कडबा. आणि कडबा हाच आपल्या बियाण्याच्या प्रश्नाचा गाभा आहे.

पूर्वी वैरणीचे बी वेगळे पिकवावे लागत नव्हते. ज्वारी दाण्यासाठी पेरायची, ताटे कडब्यासाठी घ्यायची, खळ्यावर भरदार कणसे निवडून बाजूला काढायची आणि राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायची. त्याच बियाण्यातले चार पायली दाट फोकून कडवळ केले की दावणीचा उन्हाळा निघायचा. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात टिकून आहे. ती दाण्याच्या चवीमुळे टिकली, तशीच कडब्याच्या गोडीमुळेही. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. दाणा वाढला, ताट बुटके झाले आणि जनावराने तोंड फिरवले. पुढे संशोधकांना दाणा आणि कडबा या दोन्हींसाठी वाण काढावे लागले. परभणी मोती, फुले वसुधा ही त्यातलीच नावे.

पण वाण चांगले निघेपर्यंत पेराच निसटला होता. खरीप ज्वारी एके काळी महाराष्ट्रात २५-३० लाख हेक्टरांवर होती. आज तिचा पेरा त्याच्या एका लहानशा भागापुरता उरला आहे. तिची जागा सोयाबीनने घेतली आणि सोयाबीन ५० लाख हेक्टरांपर्यंत पोहोचले. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीनला रोख भाव मिळत होता, ज्वारीला रेशनच्या गव्हाने गिऱ्हाईक ठेवले नव्हते. मात्र सोयाबीनचे भुसकट शेळी खाते, गाय नाक मुरडते. कपाशीच्या पऱ्हाट्या तर चुलीलाच. रब्बी ज्वारी अजून आहे, पण तिचाही पेरा आटला आहे. उपटणीला मजूर मिळत नाही म्हणून शेतात यंत्र फिरते, आणि यंत्राच्या पाठीमागे पेंढ्या उरत नाहीत, भुगा उरतो. अशा रीतीने घरोघरच्या कणगीत पडून असलेले वैरणीचे बी एका पिढीत नाहीसे झाले. त्याची कुठे नोंद झाली नाही, कारण ते कधी कोणत्या नोंदवहीत नव्हतेच.

आता ते बी विकत घ्यायचे म्हटले, तर ते पिकवणारा हवा. इथे खरी अडचण आहे. हिरवी वैरण आणि बी एकाच ताटातून मिळत नाही. मका असो वा ज्वारी, निम्मे पीक फुलोऱ्यात आले की कापायचे. तेव्हा ताटात पाला, गोडी आणि प्रथिने यांचा मेळ असतो. बी धरायचे तर पीक आणखी महिना-दीड महिना उभे ठेवावे लागते. तोवर धाटे लाकडासारखी होतात. त्यात उंच पीक म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. आठ-दहा फुटांचा मका परतीच्या पावसात आडवा झाला की बियाण्याचा प्लॉट संपला. मका परपरागीभवनाने सहज बिघडतो, म्हणून शेजारच्या मक्यापासून दोनशे मीटरवर लावावा लागतो. दोन-दोन एकरांचे तुकडे असलेल्या गावात हे दोनशे मीटर आणायचे कुठून? भरीस भर म्हणजे २०१८ साली आलेली अमेरिकन लष्करी अळी. आणि एवढे सांभाळून पिकवलेले बी शेवटी दाण्याच्या मक्याशी भावात झगडते. २०२३च्या डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले आणि पाठोपाठ मक्याच्या इथेनॉलला चढा दर दिला. तेव्हापासून मक्याचा दाणा आसवनीच्या दारात उभा आहे. जो दाणा लगेच विकून पैसे मिळतात, तो वाळवून, निवडून, तपासून, पिशवीत भरून सरकारी खरेदीची वाट कोण पाहील?

पाहणारे शेतकरी आहेत. आपल्या शेजारीच आहेत. नांदेडची हद्द ओलांडली की तेलंगणचा निजामाबाद जिल्हा लागतो. तिथल्या आर्मूर भागात शेकडो शेतकरी लाल ज्वारी पिकवतात. ती भाकरीची नाही; पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातल्या दूधवाल्यांच्या शेतात पुनःपुन्हा कापता येणाऱ्या चाऱ्यासाठी जाणारे ते बी आहे. उत्तरेतल्या म्हशी ज्या चाऱ्यावर दूध देतात, त्याचा मोठा भाग दक्षिणेतल्या या पट्ट्यात जन्माला येतो. पण खरेदी व्यापाऱ्यांच्या मर्जीवर. हमीभाव दाण्याच्या ज्वारीला; बियाण्याच्या लाल ज्वारीला नाही. २०१९च्या फेब्रुवारीत लाल ज्वारी आणि हळदीच्या भावासाठी हे शेतकरी महामार्गावर बसले. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत निजामाबाद मतदारसंघात पावणेदोनशेच्या आसपास शेतकऱ्यांनी उमेदवारी भरली. देशाने ती बातमी हळदीची म्हणून वाचली. तिच्यात चारा बियाण्याचाही हिस्सा होता, हे पुष्कळांना आजही ठाऊक नाही. ज्या राज्याला चारा बियाण्याचा पट्टा उभा करायचा आहे, त्याने आधी आर्मूरला जाऊन यावे. काय करावे आणि काय करू नये, दोन्ही तिथे शिकायला मिळेल.

बियाण्याची ही पोकळी भरायला बाजार मोकळा बसलेला नाही. मोबाईल उघडा: सुपर नेपिअर, फोर-जी बुलेट, अमुक किंग, तमुक क्वीन. पंधरा-वीस फूट उंच गवतापाशी उभा राहिलेला माणूस आणि खाली फोन नंबर. नेपिअर हे चांगले गवत आहे, यात शंका नाही. राहुरीचा फुले जयवंत किंवा कोइम्बतूरचे वाण यांनी अनेकांचे गोठे तारले आहेत. पण संकरित नेपिअर हा बाजरी आणि हत्ती गवताचा संकर आहे आणि तो वांझ आहे. त्याला तुरा येतो, जिवंत बी धरत नाही. तो कांडीनेच लावायचा. तरीही संकरित नेपिअरचे बी म्हणून पाकिटे विकली जातात आणि घेणारेही घेतात. त्या पाकिटात काय असते ते देव जाणे. जे असते ते संकरित नेपिअर नसते, एवढे खात्रीने सांगता येते. बियाणे कायदा १९६६चा आहे, नियंत्रण आदेश १९८३चा आहे. बोगस कपाशी बियाण्यावर धाडी पडतात, छायाचित्रे छापून येतात. बोगस चारा बियाण्यावर पडलेली धाड आमच्या तरी वाचनात नाही.

इथे एक शंका रास्त आहे. नेपिअर आहे, मूरघास आहे, उसाचे वाढे आहे; मग बियाण्याचे एवढे काय घेऊन बसलात? मूरघास कशाचा करतात? मक्याचाच, आणि मका बियाण्यापासूनच येतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. त्यावरच जनावर ठेवले तर अंगातले चुन्याचे प्रमाण घटते, हे पशुवैद्यक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आणि नेपिअरला बाराही महिने पाणी लागते. जिथे बारमाही पाणी आहे तिथे दुष्काळ येतच नाही, किंवा शेवटी येतो. माण, जत, आष्टी, भूम या तालुक्यांत विहीर फेब्रुवारीपर्यंत टिकते. तिथल्या शेतकऱ्याकडे दोन महिन्यांचे पाणी असते आणि त्या दोन महिन्यांत उभी राहील अशी वैरण त्याला हवी असते. आफ्रिकन टॉल ६० ते ७० दिवसांत कापणीला येतो, ज्वारीही जवळपास तेवढ्यातच. ही सोय फक्त बियाण्याची पिके देतात.

बी कमी म्हणून काहीही पेरणे धोक्याचेही आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे जनावराने खाल्ले की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. पाण्याचा ताण पडलेल्या खुरट्या पिकात हे विष जास्त. पावसाने दगा दिला की करपलेल्या ज्वारीत जनावरे सोडली जातात आणि तासाभरात दगावतात. चारा ज्वारीचे वाण निवडताना या विषाचे प्रमाण पाहिले जाते. मोंढ्यावरच्या पोत्यातल्या दाण्याला ती परीक्षा नसते. लसूणघासाच्या निकृष्ट बियाण्यातून अमरवेल येते आणि एकदा आली की घासाचा वाफा मोडावा लागतो. औषध चोळलेले रंगीत बी उरले म्हणून आंबोणात घातल्याचे प्रकारही घडतात.

गवतांची तर आणखी निराळी तऱ्हा. दख्खनच्या माळावरची पवन्या, मारवेल, अंजन ही गवते आपली. त्यांचे बी पिकले की झडते. एकाच तुऱ्यात काही कोवळे, काही पक्के, काही गळून गेलेले. ते यंत्राने नव्हे, हाताने ओरबाडून गोळा करावे लागते. ताजे बी लगेच उगवत नाही, काही महिने निद्रिस्त असते. म्हणून तर गिनी गवताच्या प्रमाणित बियाण्याला उगवणशक्तीची किमान अट अवघी २० टक्के आहे, अंजनला ३० टक्के. शंभरातले वीस उगवले तरी कायद्याने ते बी पास. हे ठाऊक नसलेला कर्मचारी गायरानावर मक्याच्या हिशेबाने गवताचे बी फेकतो, पहिल्या पावसात काही दिसत नाही, आणि ‘प्रयोग अयशस्वी’ असा शेरा पडून तो निधी पेव्हर ब्लॉककडे वळतो. गायराने अतिक्रमणांनी खाल्ली, ही ओरड खरीच आहे. पण जी उरली आहेत त्यांच्यावर पेरायला बी नाही, हे त्याहून लवकर दुरुस्त होण्यासारखे दुखणे आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू. २०१९ साली छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि मग १०० रुपये मिळत होते. हजार मोठ्या जनावरांची छावणी तीन महिने चालली, तर शंभराच्या दराने ९० लाख रुपये लागतात. त्या जनावरांना दिवसाला १५ किलो हिरवा चारा धरला, तर तीन महिन्यांत १,३५० टन लागेल. आफ्रिकन टॉलचे उत्पादन पुष्कळ कमी धरून एकरी १५ टन मानले, तरी ९० एकर मका पुरतो. एकरी ३० किलो बी लागते. म्हणजे २७ क्विंटल. राष्ट्रीय पशुधन अभियानात प्रमाणित चारा बियाण्याच्या उत्पादनाला किलोमागे १०० रुपये प्रोत्साहन आहे. त्या दराने पावणेतीन लाख रुपयांपेक्षाही कमी. पाणी लागेल, मजुरी लागेल, वाहतूक लागेल, नुसत्या मक्यावर जनावर राहत नाही, हे सगळे मान्य. तरीही ९० लाख आणि पावणेतीन लाख या आकड्यांमधले अंतर कुठल्याही सबबीने भरून निघणारे नाही.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायी-बैल सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी ५६ लाख होत्या. दुधाच्या उत्पादनखर्चातला ६० ते ७० टक्के वाटा खाद्य-वैरणीचा असतो. दुधाचे दर पडले की रस्त्यावर दूध ओतले जाते, सरकार लिटरमागे अनुदान जाहीर करते. २०२४ साली ते पाच रुपयांपासून सुरू झाले आणि सात रुपयांवर गेले. दूधवाल्याला ते मिळायलाच हवे होते. पण खर्चाची बाजू कोणी हलवत नाही. देशात पेरणीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्र चारा पिकांखाली आहे आणि कित्येक दशके हा आकडा जागचा हललेला नाही. जनावरांची जात बदलली, खाद्याच्या गोण्यांचे रंग बदलले, कृत्रिम रेतन घरपोच झाले. गव्हाणीत काय पडते, हा प्रश्न मात्र बाईमाणसाच्या विळ्यावर सोडून दिला आहे.

महाबीजची स्थापना १९७६ साली झाली. सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या बीजोत्पादनात या महामंडळाने राज्याला आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच महामंडळाने, चारही कृषी विद्यापीठांनी आणि पशुसंवर्धन खात्याने एकत्र बसून चारा बियाण्याचा तीन वर्षांचा आराखडा का करू नये? आज पैदासकार बियाण्याची मागणी कृषी खात्याने नोंदवायची की पशुसंवर्धनने, यातच वेळ जातो. चारा हे पीक आहे म्हणून ते कृषीचे, आणि खाते जनावर म्हणून ते पशुसंवर्धनचे. या दोन दालनांच्या मधल्या व्हरांड्यात बी पडून राहते. आराखड्यात खरेदीची हमी हवी, तीही दाण्याच्या बाजारभावापेक्षा चढ्या दराने आणि पेरणीआधी लेखी. ती हमी सरकारनेच द्यावी असेही नाही. सहकारी दूध संघ आपल्या सभासदांना पशुखाद्य उधारीवर देतात, दुधाच्या बिलातून कापून घेतात. तीच वहिवाट बियाण्याला लावता येईल. आणि गरजेपेक्षा थोडे जास्त बी राखीव कोठारात हवे, दर हंगामाला उगवण तपासून जुने काढून नवे भरलेले. सोयाबीनचे घरचे बियाणे गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तपासायची मोहीम कृषी खात्याने २०२०पासून गावोगाव नेलीच आहे. त्या गोणपाटाला कडवळाचे दाणे चालत नाहीत असे नाही. आफ्रिकन टॉल हा संकरित नव्हे, संमिश्र वाण आहे. अंतर राखले तर शेतकऱ्याला त्याचे बी दोन-तीन हंगाम घरचे वापरता येते. ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगायला हवी. बियाणे कंपनीचा माणूस ती सांगणार नाही.

जमीन कुठून आणायची, असे विचारले जाईल. राज्यात तालुका बीजगुणन केंद्रे आहेत. नावातच काम लिहिलेली ही सरकारी शेते बहुतेक तालुक्यांत मोक्याच्या जागी आहेत. कित्येकांवर बाभळी माजल्या आहेत, काहींवर इमारती उठू पाहत आहेत. स्वतंत्र, सलग क्षेत्र असल्याने मक्याच्या बियाण्याला लागणारे अंतर तिथे मिळू शकते. येत्या रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, या केंद्रांवर आफ्रिकन टॉल आणि चारा ज्वारीच्या पायाभूत बियाण्याचे प्लॉट पडायला हवेत. त्यासाठी पैदासकार बियाण्याची मागणी आत्ता विद्यापीठांकडे जायला हवी. प्रत्येक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याने आपल्या तालुक्यांतली किती केंद्रे पेरणीच्या स्थितीत आहेत, कोणत्या विहिरीला पाणी आहे आणि किती किलो बियाण्याची मागणी नोंदवली, हे पुढच्या खरीप आढावा बैठकीत पालकमंत्र्यांपुढे ठेवावे. आणि ज्या जिल्ह्याचा रकाना कोरा असेल, त्याचे नाव विधिमंडळात वाचून दाखवले जावे.